एल्विराबाईंच्या पसाऱ्याची घडी

मेक्सिकोतल्या एका संग्रहालयात मी एका कलाकृतीची घडी घालून ठेवली.

मोडली असती तर निदान अपघात म्हणता आला असता. पाय घसरला, चक्कर आली, वय झालं, काहीतरी सांगता आलं असतं. पण मी ती शांतपणे, कडा जुळवून, सुरकुत्या काढून, मोठ्यावर लहान अशी रचून ठेवली. वर चार पावलं मागं जाऊन आपलं काम न्याहाळलंसुद्धा.

आमचं सोलापुरात नव्या पेठेत कापडाचं दुकान आहे. चादरी, टॉवेल, पलंगपोस, थोड्या इरकली साड्या. गिऱ्हाईक आलं की घड्या मोडायच्या आणि गेलं की घालायच्या, यात माझं आयुष्य गेलं. त्यातून दोन खोडी जडल्या. पहिली, कुठलंही कापड दिसलं की ते चिमटीत धरून पोत बघायचा. (साडूंच्या उपरण्याचा पोत मी त्यांची गळाभेट घेता घेता बघितला आहे. बरा होता.) दुसरी, विस्कटलेलं कापड दिसलं की हात आपोआप पुढं जातो. पाहुण्यांकडं मुक्कामाला गेलो की त्यांच्या दोरीवरचे वाळलेले कपडे मी घड्या घालून ठेवतो. पाहुणे खूश असतात. आमच्या मंडळी नसतात.

मंडळी म्हणजे माझी बायको, महादेवी. माहेर दुधनीचं. एरवी मराठी बोलते, पण मनापासून रागावली की कानडीत येते. त्यामुळं तिच्या तोंडून कानडी शब्द आला की मी आधी चूक मान्य करतो आणि मग ती कोणती ते विचारतो.

आम्हाला एकच मुलगी, शिवलीला. तिनं दुकानात बसावं असं मला फार वाटायचं. तिनं जुनी कापडं जपण्याचं शिक्षण घेतलं. "आपल्याकडं नवी कापडं खपेनात, आन् ही जुनी जपणार," असं मी चारचौघांत म्हणून बघितलं, पण उपयोग झाला नाही. ती गेली थेट मेक्सिकोला. तिथं वाहाका नावाच्या विणकरांच्या गावात एका लहानशा संग्रहालयात तिला तात्पुरतं काम मिळालं होतं. तिच्याकडं सोपवलेलं पहिलं मोठं प्रदर्शन आता उघडणार होतं. ते नीट पार पडलं तर काम पक्कं, नाही तर बॅग भरून सोलापूर. तिनं आम्हाला उद्घाटनाला बोलावलं. मी दुकान भाच्याच्या हवाली केलं आणि आम्ही दोघं निघालो.

निघण्याआधी तिनं फोनवर मला बजावलं, "अप्पा, इकडं संग्रहालयात कशालाच हात लावायचा नसतो. कशालाच म्हणजे कशालाच."

"मला काय कळत नाय काय?" मी म्हणालो, आणि गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून शब्द दिला.

राजधानीत उतरल्यावर पहिले काही दिवस आम्ही मोठमोठी संग्रहालयं बघितली. एका ठिकाणी काचेच्या पेटीत, वरून दिवा सोडून, तीन पायांचा दगडी पाटा ठेवला होता. मंडळी त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "आपला पाटा मागच्या दारी पालथा पडलाय की," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर मांजर झोपतंय." त्यांना वाईट वाटलं ते मला दिसलं. घरी गेल्यावर आधी त्याला उचलून आत घ्यायचं असं आमचं तिथंच ठरलं.

माझं तोवर बरं चाललं होतं. देवांच्या मूर्ती, सोन्याचे मुखवटे, भिंतभर चित्रं, यातल्या कशालाच पोत नसतो. भानगड झाली ती तिकिटाच्या रांगेत. माझ्यापुढं एक उंच बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या खांद्यावरून गडद निळी शाल लोंबत होती. हातमागाची आहे की यंत्रमागाची, एवढंच मला बघायचं होतं. बाई वळल्या. त्यांची शाल माझ्या चिमटीत होती आणि मी ती उजेडाकडं धरली होती.

मंडळींनी हात जोडून, स्वतःच्या कपाळाकडं बोट दाखवून, मला डोक्याचा काहीतरी त्रास असल्याचं त्यांना खुणेनं पटवलं. बाईंना माझी दया आली. मग मंडळींनी आपली मोठी काळी पर्स माझ्या दोन्ही हातांत दिली. "ही धरायची. सोडायची न्हाय." त्यानंतर राजधानीतली उरलेली सगळी संग्रहालयं मी पर्स छातीशी धरून बघितली. लोक वाट सोडायचे. पण उपाय गुणकारी होता, कारण हात अडकलेले असले की माझ्याइतका निरुपद्रवी माणूस नाही.

वाहाकाला लीला घ्यायला आली. वाळली होती, पण डोळे चमकत होते. उद्घाटन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. गर्दीच्या आधी आपल्या आई-बापाला सगळं निवांत दाखवायचं म्हणून ती आम्हाला त्या दिवशी दुपारीच संग्रहालयात घेऊन गेली. दारावर रामोन नावाचा रखवालदार होता, माझ्याच वयाचा, गुबगुबीत आणि हसरा. लीलानं त्याला सांगितलं, हे माझे वडील, भारतात यांचा कापडाचाच व्यवसाय आहे. रामोननं टोपी काढून मला मान दिला. आपल्या धंद्याला परदेशातही मान मिळतो याचं मला बरं वाटलं.

पहिल्या दालनात जुने झगे, दुसऱ्यात माग. मी पर्स घट्ट धरून होतो. तिसऱ्या दालनाच्या दाराशी मंडळी म्हणाल्या, "लीला, बाथरूम कुटं हाय गं? आन् आणा ती पर्स, माझी रक्तदाबाची गोळी हाय त्यात."

पर्स गेली. त्या दोघी गेल्या. मी एकटाच तिसऱ्या दालनात शिरलो.

पांढऱ्या भिंती, लखलखीत दिवे, आणि मधोमध जमिनीवर एका चटईवर कापडांचा हा ढीग. घोंगड्या, चादरी, टेबलावरची कापडं, ओढण्या, स्वयंपाकाचे एप्रन, सगळं एकात एक गुंतलेलं. भोवती दोरी नव्हती की काच नव्हती. भिंतीवर एक लहानसा फलक होता, तो मालाच्या भावाचा असेल असं मला वाटलं.

संध्याकाळी उद्घाटन आणि इथं अजून माल लावलेला नाही. बिचारी पोर सकाळपासून आमच्यामागं फिरतेय, तिच्या हाताखाली कुणी दिसत नाही, आणि मोठे लोक येऊन हा पसारा बघणार. बाप म्हणून दुसरं काही मनात आलं नाही, हे मी आजही सांगतो. मी बाह्या वर सरकवल्या.

लहान कापडं लगेच आवरली. माल जुना होता. एका एप्रनला जळाल्याचं भोक, एका चादरीला तीन रंगांची ठिगळं. कोण घेणार, असं मनात आलं, पण आपण घडी नीट घालावी. मग एक मोठी घोंगडी निघाली. ती एकट्याच्यानं होत नाही, दोन टोकं धरायला समोर दुसरं माणूस लागतं. मी इकडंतिकडं बघितलं. दारात रामोन उभा होता आणि डोळे विस्फारून माझ्याकडं बघत होता. मी दोन टोकं त्याच्यापुढं केली.

आणि त्यानं ती धरली. जगाच्या पाठीवर कुठंही, कुणाही माणसापुढं कापडाची दोन टोकं केली की तो ती धरतो, विचार नंतर करतो. आम्ही घोंगडी ताणली, झटकली, मी त्याच्याकडं चालत गेलो, त्यानं टोकं माझ्या हातात दिली आणि खालची कड उचलली. एकमेकांचं एक अक्षर कळत नसताना आमचं असं जमलं की सगळ्या मोठ्या घड्या आम्ही मिळूनच घातल्या. शेवटी मी चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. रामोननं मला अंगठा दाखवला.

तेवढ्यात त्या दोघी आल्या.

लीला दारातच थांबली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "अप्पा," एवढंच म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली.

मंडळींनी एकदा तिच्याकडं बघितलं आणि एकदा घड्यांकडं. "येन माडिद्री?" काय केलंत हे? कानडी ऐकून मी आधी चूक मान्य केली.

मग लीलानं ती कोणती ते सांगितलं. इथं एल्विरा नावाच्या एक मोठ्या कलावंत आहेत. त्यांची आई बाजारात हातविणीची कापडं विकायची. आई गेली त्या दिवशी तिघी बहिणींनी तिची पेटी उघडली, जिला जे हवं ते तिनं घ्यावं म्हणून. एकेक कापड काढून बघत गेल्या आणि कुणालाच काही घेववेना. सगळं तसंच टाकून त्यांनी खोलीला कुलूप लावलं. तो ढीग वर्षानुवर्षं तसाच होता. मागच्या महिन्यात चटईसकट उचलून, एक कड न हलवता, तो इथं आणला होता. एल्विराबाईंनी दोरी नको म्हटलं होतं. आईच्या कपड्यांना कोण हात लावणार, असं त्या म्हणाल्या होत्या.

"अप्पा, खरं सांगा," लीला जमिनीकडं बघत म्हणाली. "मी परत यावं म्हणून तर नाही ना केलंत?"

दर रविवारी मी तिला फोनवर विचारायचो, दुकान कोण बघणार. दर रविवारी. त्याचं माझ्या लेकीच्या मनात काय झालं होतं ते मला त्या दालनात कळलं. "न्हाय गं," मी म्हणालो. "तू परत यावंस असं वाटतंय मला, खोटं बोलत न्हाय. पण असं न्हाय गं." मंडळींनी मध्ये पडून सांगितलं, "त्येंना येवडं डोकं असतं तर काय पायजे होतं. हात चालतेत त्येंचे, डोकं न्हाय." बायकोनं माझी बाजू इतक्या ठामपणे पूर्वी कधी घेतली नव्हती.

लीला उठली. तिच्याकडं ढिगाचे फोटो होते. चटई पसरली आणि फोटोत बघून आम्ही एकेक कापड ठेवू लागलो. निळं खाली, लाल त्याच्यावर तिरपं, एप्रनचा बंद बाहेर. सगळं जिथल्या तिथं आलं आणि तरी ते भलतंच दिसत होतं. ढीग नव्हता तो. लग्नघरात रुखवत मांडतात तसं काहीतरी झालं होतं. लीलानं ते सगळं काढलं, मी सवयीनं पुन्हा घडी घातली, पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच.

आणि एल्विराबाई आल्या.

काठी टेकत आलेली, पांढऱ्या वेणीची, किडकिडीत म्हातारी बाई. त्यांनी दारातून ते बघितलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. रामोन टोपी हातात घेऊन काहीतरी पुटपुटला. नंतर कळलं की त्याला मी भारतातून बोलावलेला खास तज्ज्ञ वाटलो होतो. लीलाला गप्प बसता आलं असतं. ती पुढं झाली आणि म्हणाली, हे माझ्या वडिलांनी केलं, जबाबदारी माझी. तेवढं स्पॅनिश मला न शिकता कळलं. मला त्या भाषेतले दोनच शब्द येत होते, एक माफीचा आणि एक आभाराचा. मी हात जोडून पुढं गेलो आणि आभार मानले.

एल्विराबाई खुर्चीवर बसल्या. आम्ही मांडलेल्या ढिगाकडं बघत काहीतरी म्हणाल्या. लीलानं सांगितलं, "त्या म्हणतात, हे ठेवलेलं दिसतंय. पडलेलं नाही. आमच्या हातून ते पडलं होतं."

संध्याकाळ जवळ आली होती. तेव्हा आमच्या मंडळी उठल्या. सगळी कापडं गोळा करून त्यांनी माझ्यापुढं आणून ठेवली आणि म्हणाल्या, "घाला घड्या."

"आता?"

"घाला म्हणते की."

मी घातल्या. मग मंडळी एल्विराबाईंच्या खुर्चीशेजारी खाली मांडी घालून बसल्या, पदर सावरला आणि दुकानात बायका म्हणतात त्याच सुरात म्हणाल्या, "शेठ, चादरी दाखवा बघू."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण महादेवी माझ्या दुकानात गिऱ्हाईक होऊन कधी बसली नव्हती. साडी मी घरी न्यायचो, ती नेसायची. रंग आवडला का, हेही मी कधी विचारलं नव्हतं. आज ती मेक्सिकोत माझ्यासमोर गिऱ्हाईक म्हणून बसली होती, पोरीसाठी.

मी बूट काढले. चटईच्या कडेला मांडी घातली. पहिली घोंगडी उचलली, दोन टोकं बोटांत धरली आणि मनगटाला झटका दिला. घडी हवेत मोडली आणि घोंगडी पसरत जाऊन चटईवर पडली. पडली, ठेवली नाही.

"ही बघा. उबदार, एका जन्मात फाटायची न्हाय."

"ह्याच्यात जरा गडद?" मंडळी म्हणाल्या.

"आहे की." दुसरी झटकली. ती पहिलीवर तिरकी जाऊन पडली. लीला हलक्या आवाजात एल्विराबाईंना स्पॅनिशमध्ये सांगत होती. मी तिसरी टाकली तशा एल्विराबाई काहीतरी बोलल्या. लीला म्हणाली, "ही पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. पाहुणे आले की आई म्हणायची, हे काही एवढे मोठे पाहुणे नाहीत. कधी वापरलीच नाही."

"आमच्याकडं पण हाय की तशी एक," मंडळी म्हणाल्या. "नुस्ती कपाटात."

एल्विराबाईंना हसू आलं. मग त्या स्वतःच काठीनं दाखवू लागल्या. ती नको, तो खालचा एप्रन काढा. मी काढला. त्याचं भोक तव्याला लागून पडलेलं. ही ठिगळांची, यातलं प्रत्येक ठिगळ एकेका बहिणीच्या झग्याचं. मी मराठीत भाव सोडून सगळं बोलत होतो, त्या स्पॅनिशमध्ये बोलत होत्या, आणि ढीग वाढत होता. शेवटी एक काळी ओढणी निघाली. ती झटकल्याबरोबर लाकडाच्या धुराचा आणि साबणाचा वास खोलीभर पसरला. एल्विराबाईंनी हात पुढं केला. मी ओढणी टाकली नाही, त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तोंडावर धरली आणि तशाच बसून राहिल्या. मंडळींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. माझे डोळे भरून आले होते आणि पुसायला जवळ होतं ते सगळं कापड संग्रहालयाचं होतं, म्हणून मी ते पुसले नाहीत.

थोड्या वेळानं एल्विराबाईंनी ओढणी स्वतःच ढिगावर सोडली. उठून सगळ्या बाजूंनी बघितलं. लीला हाताची बोटं एकमेकांत गुंतवून उभी होती.

"पूर्वीसारखा नाही," लीलानं त्यांचं बोलणं सांगितलं, एकेक शब्द जपून. "पण पडलेला आहे. पूर्वीचा आम्ही रडत रडत टाकला होता. हा असाच राहू दे." मग एल्विराबाई दारापर्यंत गेल्या, वळल्या, माझ्याकडं बघून आणखी काहीतरी म्हणाल्या. लीला हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

"अप्पा, बाजारात आईच्या शेजारी बसून त्यांनी हे लहानपणी रोज ऐकलंय. त्या म्हणतात, माल चांगला आहे शेठ, जरा दोन-चार दुकानं बघून येते."

म्हणजे मी सात समुद्र ओलांडून सगळा माल उघडून दाखवला आणि गिऱ्हाईक काही न घेता गेलं. नव्या पेठेत रोज होतं तेच. "या की निवांत," मी सवयीनं म्हणालो, आणि गिऱ्हाईक गेल्यावर जे करायचं असतं त्यासाठी माझा हात त्या ढिगाकडं जाऊ लागला.

मंडळींनी पर्स माझ्या दोन्ही हातांत दिली.

लीलाचं काम पक्कं झालं. आता रविवारी फोन केला की मी दुकानाचं काढत नाही, जेवलीस का एवढंच विचारतो. पाटा मागच्या दारातून आत आला आहे आणि मांजर आमच्यावर रुसलं आहे. उद्घाटनाचे फोटो लीलानं पाठवले. मध्ये तो पसारा, एका बाजूला एल्विराबाई आणि रामोन, दुसऱ्या बाजूला मी, आणि प्रत्येक फोटोत काळी पर्स माझ्या छातीशी. भाच्यानं त्यातला एक मोठा करून दुकानात लावलाय. गिऱ्हाईकं विचारतात, "शेठ, येवड्या लांब काय बायकोची पर्स सांभाळायला गेलता काय?"

मी व्हय म्हणतो. त्या गावात मला नीट जमलेलं ते एकच काम आहे.